फोटोतली ती दाढीवाली माशी कोण? रॉबर फ्लाय ओळखायची आणि तिचं वर्गीकरण समजून घ्यायची सुरुवात

सुकलेल्या काडीच्या टोकावर एक लांबुळकी, केसाळ माशी बसलेली असते, आपण जवळ गेलो की भुर्रकन उडते आणि दोन सेकंदांत परत त्याच काडीवर येऊन बसते, आणि फोटो झूम करून बघावा तर तोंडात तिच्याएवढीच दुसरी माशी धरलेली. असं काही दिसलं असेल तर तुम्ही बहुतेक रॉबर फ्लाय बघितलीय. कोणी लुटारू माशी म्हणतं, कोणी दरोडेखोर माशी, मी आपलं रॉबर फ्लायच म्हणतो कारण शोधताना तेच नाव कामाला येतं. तसं बघितलं तर लुटारू हा आरोपच खोटा आहे, ती कोणाचं काही लुटत नाही, सरळ धरते, मारते आणि खाते.

माझा पहिला फोटो वर्षभर "गांधीलमाशी" नावाच्या फोल्डरमधे पडून होता. मग एकाने विचारलं, पंख मोजलेस का? मोजले नव्हते. तेव्हापासून मी नव्या लोकांना एकच सांगतो की नाव शोधू नका, आधी कुठल्या क्रमाने बघायचं ते शिका, कारण वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची पाठांतराची यादी नाहीये, बघायचा क्रम आहे. आधी काय बघायचं, मग काय, आणि कुठे थांबायचं.

एक शब्दांचा घोळ आधीच निस्तरून टाकू. शाळेच्या पुस्तकात गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड असते, म्हणजे प्रजाती वरची आणि जाती खालची. पण बातम्यांमधे "नवीन प्रजाती सापडली" असं जे छापतात तिथे त्यांना जाती म्हणायचं असतं. त्यामुळे दोन मराठी माणसं या विषयावर बोलायला लागली की पाचव्या मिनिटाला गोंधळ ठरलेला. मी इथे जीनस आणि स्पीशीज असंच लिहिणार, बाकी गण आणि कुल मराठीतच.

पायरी १: पंख मोजा

गांधीलमाशी, मधमाशी, चतुर, या सगळ्यांना चार पंख. माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गदेसारखे दांडे असतात, त्यांना हाल्टेअर म्हणतात आणि उडताना तोल सांभाळायला ते लागतात. म्हणून या गणाचं नावच डिप्टेरा, म्हणजे दोन पंखवाले, डासही यातलेच. फोटोत पंख पोटावर मिटलेले असतील तर मोजणं अवघड जातं, अशा वेळी बाजूने काढलेल्या फोटोत छातीच्या मागच्या भागाजवळ हाल्टेअरचा गोळा शोधा, बऱ्याचदा पिवळट किंवा फिकट असतो आणि एकदा दिसला की विषय संपला.

मिशांकडेही, म्हणजे डोक्यावरच्या अँटेनांकडेही, बघून घ्या. गांधीलमाशीच्या मिशा लांब, कोपरात वाकल्यासारख्या. रॉबर फ्लायच्या आखूड, मोजक्या भागांच्या. डासांच्या लांब मिशांच्या गटापासून वेगळा असा जो आखूड मिशांच्या माशांचा उपगण आहे, ब्रॅकिसेरा, त्यात ही येते.

पायरी २: चेहऱ्यात तीन गोष्टी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका. माशी समोरून बघायची.

पहिली गोष्ट, दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे डोक्यावर खळगा. म्हणजे डोळे दोन्ही बाजूंना वर आलेले आणि मधला भाग दबलेला, एखाद्या खोगिरासारखा, आणि त्या खळग्यात एक उंचवटा, त्यावर तीन छोटे साधे डोळे. फक्त हा खळगा नीट दिसला तरी तुमचं नव्वद टक्के काम झालं असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट दाढी. खरं तर दाढी म्हणायची की मिशी यावर वाद घालता येईल, तोंडाच्या वर चेहऱ्यावर राठ केसांचा झुबका असतो आणि त्याला मिस्टॅक्स म्हणतात, तो शब्द ग्रीक मिशीवरूनच आलाय. हा काही शोभेचा प्रकार नाही. पकडलेली शिकार जीव वाचवायला पाय झाडते, नांगी मारायला बघते, चावायला बघते, आणि हे सगळं त्या माशीच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ चाललेलं असतं, तेव्हा हे राठ केस ढालीसारखे मधे येतात. काही स्पीशीजमधे झुबका भरघोस असतो, काहींत चारदोन केस, पण रॉबर फ्लायच्या कुलात सहसा असतोच.

तिसरी गोष्ट सोंड. डासासारखी लांब नाजूक नाही, आखूड, टणक, पुढे आलेली. तिच्या आत एक सुईसारखा भाग असतो, तो शिकारीच्या मऊ जागी घुसतो, मानेत, डोळ्यात, नाहीतर पाठीवरच्या सांध्यात, आणि त्यातून लाळ आत जाते. या लाळेत मज्जासंस्था बंद पाडणारी विषं असतात आणि प्रथिनं विरघळवणारे एन्झाइम्स, म्हणजे शिकार लुळी पडते आणि आतून पातळ व्हायला लागते, मग माशी ते सगळं शोषून घेते आणि पोकळ कवच टाकून देते. यामुळेच ती स्वतःपेक्षा मोठ्या, नांगीवाल्या, टणक पाठीच्या किड्यांनाही हात घालू शकते. भुंगेरे, नाकतोडे, मधमाश्या, कधी दुसरी रॉबर फ्लायसुद्धा.

माणसाला काही करते का, हा प्रश्न येतोच. ती आपल्या मागे येत नाही, रक्त पीत नाही. पण हातात धरलीत तर चावते आणि ते चांगलंच झोंबतं, म्हणून धरू नका. मादीच्या पोटाच्या टोकाला कधी कधी तलवारीसारखं टोकदार काहीतरी दिसतं, लोक त्याला नांगी समजून घाबरतात, ते अंडी घालायचं साधन आहे.

नवखे लोक फसतात ते दोन ठिकाणी. थेरेविडी कुलातल्या स्टिलेटो फ्लाय लांबून अगदी अशाच दिसतात पण त्यांच्या डोक्यावर खळगा नसतो आणि चेहऱ्यावर दाढी नसते, प्रौढ माशी शिकारही करत नाही. एम्पिडिडी कुलातल्या डान्स फ्लाय शिकारी असतात, तोंडात किडा धरलेला फोटोही मिळतो, पण त्यांचं डोकं छोटं गोल चेंडूसारखं, पुन्हा खळगा नाही. म्हणजे "तोंडात शिकार आहे म्हणून रॉबर फ्लाय" हे गणित चालत नाही, खळगा बघायचाच.

पायरी ३: फोटो कसे काढायचे

मागे धावू नका. ही माशी बसून वाट बघणारी शिकारी आहे, ठरलेल्या जागेवरून झेप घेते आणि बऱ्याचदा तिथेच परत येते, म्हणून ती उडाली की तुम्ही जागचे हलू नका, कॅमेरा त्या काडीवर फोकस करून थांबा. ऊन तापल्यावर जास्त चपळ असते, सकाळी जरा सुस्त. शिकार खात असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तेव्हा ती लवकर उडत नाही.

चार फोटो हवेत: वरून, बाजूने, समोरून चेहरा, आणि पंखाच्या शिरा दिसतील असा एक. लोक पहिले दोन काढून खूश होतात आणि नेमकं पाचव्या पायरीला चौथ्यावाचून अडतं.

पायरी ४: एका माशीचा हात धरून उतरंड उतरा

इथे एक उदाहरण घेतो, आसिलस क्राब्रोनिफॉर्मिस. इंग्रजीत हिला हॉर्नेट रॉबरफ्लाय म्हणतात. ही युरोपातली माशी, ब्रिटनमधे दक्षिण इंग्लंड आणि वेल्सच्या मोकळ्या कुरणांवर मिळते आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या माशांमधे तिची गणना होते, लांबी २५ मिलिमीटरच्या आसपास. पोटाचे पहिले तीन भाग काळे आणि पुढचे सगळे झगझगीत पिवळे, पंखांवर पिवळट तपकिरी झाक, लांबून बघणाऱ्याला मोठी गांधीलमाशीच वाटावी. हिलाच का घेतलं, तर सगळ्या कुलाचं नाव हिच्या जीनसवरून पडलंय आणि त्या जीनसची टाइप स्पीशीज हीच आहे, म्हणजे उद्या आसिलस जीनसचे कितीही तुकडे पाडले तरी ज्या तुकड्यात ही माशी जाईल त्यालाच आसिलस हे नाव राहणार.

उतरंड अशी: गण डिप्टेरा, उपगण ब्रॅकिसेरा, महाकुल आसिलॉइडिया, कुल आसिलिडी, उपकुल आसिलिनी, जीनस आसिलस, स्पीशीज आसिलस क्राब्रोनिफॉर्मिस. शेवटच्या अक्षरांकडे लक्ष द्या. प्राण्यांच्या नावात "इडी"ने संपलं की कुल, "इनी"ने संपलं की उपकुल, "ऑइडिया" म्हणजे महाकुल. एवढं एक कळलं तरी अर्धं भय जातं, मग नाव कितीही जडजंबाल असो, ते कितव्या पायरीवरचं आहे ते शेपटीवरून कळतं.

नावांचे अर्थ गमतीचे आहेत. लॅटिनमधे आसिलस म्हणजे गुराढोरांना छळणारी माशी, जे ही करतच नाही. क्राब्रो म्हणजे मोठी गांधीलमाशी, म्हणून क्राब्रोनिफॉर्मिस म्हणजे तिच्यासारखी दिसणारी. एकुणात "गुरं छळणारी गांधीलमाशीसारखी", यातलं पहिलं अर्धं चूक आणि दुसरं अर्धं सोंग.

गुरांशी तिचा संबंध मात्र आहे, वेगळ्याच बाजूने. ती शेणाच्या पोवर बसून शिकारीची वाट बघते, मादी शेणात किंवा शेणाच्या आसपास अंडी घालते आणि अळ्या मातीत शेणकिड्यांच्या अळ्या खातात असं मानलं जातं. म्हणजे हिला चरणारी गुरं पाहिजेत, त्यांचं शेण पाहिजे आणि त्या शेणात शेणकिडे पाहिजेत. गुरांना जंतासाठी जी ॲव्हरमेक्टिन गटातली औषधं देतात ती शेणातून बाहेर पडतात आणि शेणातल्या किड्यांना मारक ठरतात, त्यामुळे ब्रिटनमधे ही माशी कमी होण्यामागे जुनी कुरणं जाण्याबरोबर या औषधांकडेही बोट दाखवलं जातं. म्हणून नोंदीत नुसतं रंगरूप लिहू नका, माशी कशावर बसली होती तेही लिहा, शेणावर, वाळूवर, सडक्या ओंडक्यावर, ती माहिती ओळखीला खरंच मदत करते.

पायरी ५: उपकुल

आसिलिडी कुलात ७,५०० च्या आसपास स्पीशीज आहेत आणि पाचशेहून जास्त जीनस. एवढ्यातून एकदम स्पीशीजवर उडी मारायला जाणं म्हणजे पत्त्यावर फक्त देशाचं नाव असताना घर शोधायला निघणं. म्हणून आधी उपकुल. २००९ मधे कीटकशास्त्रज्ञ टॉर्स्टन डिको यांनी दीडशेहून जास्त स्पीशीजची शरीररचना तपासून या कुलाची १४ उपकुलं मांडली. १४ पाठ करू नका, नवख्याला चार-पाच पुरतात.

आता तो चौथा फोटो काढा. पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाजवळ, एक लांबट कप्पा असतो, मार्जिनल सेल. त्याची खालची शीर कडेपर्यंत जायच्या आधीच वरच्या शिरेला जाऊन मिळाली तर कप्पा बंद, थेट कडेला पोचली तर उघडा. बंद असेल तर आसिलिनी, लाफ्रिनी किंवा ओमॅटिनी यांच्याकडे वळा. उघडा असेल तर डॅसिपोगोनिनी, स्टेनोपोगोनिनी आणि बाकीची मंडळी. सुरुवातीला मला हा कप्पा सापडायचाच नाही, सगळ्या शिरा सारख्याच दिसायच्या, त्याला उपाय एकच, एक चांगला फोटो घेऊन त्यावर बोटाने शिरा गिरवायच्या, दहा वेळा केलं की डोळा बसतो.

बंद कप्प्यावाल्यांमधे मग मिशा बघा. आसिलिनीत मिशीच्या टोकाला बारीक केसासारखा काटा. ओमॅटिनीत त्या काट्याला खालून कंगव्यासारखे दात. लाफ्रिनीत तो काटा जवळपास नसतोच, मिशी जाडसर मुगदलासारखी संपते. लाफ्रिनीतला लाफ्रिया जीनस तर बघण्यासारखा आहे, गुबगुबीत, केसाळ, पिवळा-काळा, पक्का बंबलबी नावाच्या केसाळ मोठ्या मधमाशीसारखा, मी स्वतः यात दोनदा फसलोय. पण पंख दोन, दाढी आहे, आणि पायांना पराग नाही, तर मधमाशी नाही. लाफ्रियाच्या अळ्या मेलेल्या लाकडात वाढतात आणि तिथल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात, त्यामुळे ही माशी जुन्या ओंडक्यांजवळ जास्त दिसते.

लेप्टोगॅस्ट्रिनी ओळखायला सगळ्यात सोपी. सुईसारखं लांब बारीक पोट, लांब मागचे पाय, पहिल्या नजरेत टाचणी म्हणजे चतुराची ती सडपातळ बहीणच वाटते. बहुतेक रॉबर फ्लाय हवेत झेप घेऊन शिकार धरतात, ही मात्र गवतातून हळूहळू फिरत बसलेले किडे उचलते. पायाच्या नख्यांजवळ इतरांना दोन गाद्या असतात, हिला त्या नसतात. ही इतकी वेगळी दिसते की १९६८ मधे हिला वेगळं कुल करावं असं मांडलं गेलं होतं, पुढे ती परत आसिलिडीत उपकुल म्हणून आली. जुन्या संदर्भात लेप्टोगॅस्ट्रिडी असं दिसलं तर गोंधळू नका, शेपटीवरून कळेल की तेव्हा तिला कुलाचा दर्जा होता.

ट्रायगोनोमिमिनीतली होल्कोसेफाला ही जेमतेम सहा-सात मिलिमीटरची माशी, तांदळाच्या दाण्याएवढी, पण डोळे एवढे मोठे आणि दूर दूर की डोकं चतुराचं उसनं आणल्यासारखं. २०१७ मधे छापून आलेल्या प्रयोगात मासेमारीच्या दोऱ्यावर मणी ओवून ते तिच्यासमोरून फिरवले आणि ती कशी झेप घेते ते वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. ती मण्याच्या मागे जात नाही, तो जिथे पोचणार आहे तिथे जाते, आणि साधारण ३० सेंटिमीटर अंतर उरलं की मार्ग बदलून त्याच्या वेगाशी वेग जुळवते. तुम्ही खडा टाकलात तरी ती झेपावते ते यामुळेच, उडणारं, योग्य आकाराचं काहीही तिला तपासून बघायचं असतं.

वाळूवर, नदीकाठी बसणाऱ्या छोट्या राखाडी माशा बऱ्याचदा स्टिकोपोगोनिनी निघतात, त्यांच्या डोळ्यांमधली जागा वरच्या बाजूला रुंद होत जाते. बाकी उपकुलं अनुभवाने.

पायरी ६: नावापुढचा कंस वाचा

हे कोणी सांगत नाही आणि खरं तर यात मजा आहे. दोन नावं बघा:

आसिलस क्राब्रोनिफॉर्मिस लिनियस, १७५८
लाफ्रिया गिब्बोसा (लिनियस, १७५८)

माणूस तोच (लिनियस, म्हणजे प्राण्यांना अशी दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत बसवणारा शास्त्रज्ञ), साल तेच, मग एकाला कंस का? कंस म्हणजे सूचना की ज्याने नाव दिलं त्याने ही स्पीशीज वेगळ्या जीनसमधे ठेवली होती. लिनियसने १७५८ मधे दोघींनाही आसिलसमधेच टाकलं होतं, तेव्हा दुसरीचं नाव आसिलस गिब्बोसस होतं. मग १८०३ मधे माइगेन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने लाफ्रिया जीनस काढला, ती तिकडे गेली आणि लिनियसच्या नावाला कंस लागला. शिवाय गिब्बोससचं गिब्बोसा झालं, कारण आसिलस पुल्लिंगी आणि लाफ्रिया स्त्रीलिंगी, विशेषणाला लिंग बदलावं लागतं, आपल्याकडे काळा घोडा आणि काळी घोडी होतं तसंच. म्हणून एकच स्पीशीज दोन शेपट्यांनी लिहिलेली दिसली तर ती वेगळी समजू नका.

आसिलिडी हे कुल म्हणून नाव लात्रेय या कीटकशास्त्रज्ञाने १८०२ मधे दिलं. लिनियसच्या काळात आसिलस ही एक मोठी पेटी होती, पुढची दोनशे वर्षं लोक तिच्यातून माल बाहेर काढून वेगळ्या पेट्यांत लावत बसले, आणि कंस म्हणजे त्या सामान हलवण्याच्या पावत्या.

पायरी ७: थांबा

आता मनाला लागणारी गोष्ट. बऱ्याच रॉबर फ्लाय फोटोवरून स्पीशीजपर्यंत जात नाहीत. विशेषतः आसिलिनीतल्या मध्यम आकाराच्या करड्या-तपकिरी माशा एकमेकींच्या जुळ्या बहिणी, आणि फरक असतो नराच्या पोटाच्या टोकाच्या चिमट्यात, तोही मायक्रोस्कोपखाली. फोटो ओळखणारी ॲप्स बिनधास्त स्पीशीजचं नाव देऊन मोकळी होतात आणि आपल्यालाही ते आवडतं, पण ॲपला तुम्ही जे फोटो दिलेत त्यात पंखाच्या शिरा नव्हत्या की नराचं टोक नव्हतं, मग त्याने ते कशावरून ठरवलं हा प्रश्न विचारा. बऱ्याचदा आसपास जास्त नोंदलेली जी असेल ती चिकटवलेली असते.

तेव्हा जेवढं दिसलं तेवढंच लिहा. नर की मादी हे बहुतेक वेळा सांगता येतं, टोकाला चिमटा किंवा फुगीर गाठ असेल तर नर, निमुळतं होत गेलं असेल तर मादी. जोडी शेपटीला शेपटी लावून बसलेली मिळाली तर दोघांचाही फोटो घ्या, कारण नरावरून स्पीशीज लागली तर मादीचीही लागते, अशी संधी परत मिळेल न मिळेल. तोंडातली शिकार सोडू नका, तिचीही ओळख लिहा.

माझ्या वहीतली कालचीच नोंद देतो: "आसिलिनी, जीनस माहीत नाही. मादी. सुमारे १८ मिमी. मार्जिनल सेल बंद, मिशीचा काटा बारीक साधा. दुपारी साडेअकरा, कडक ऊन, सुकलेल्या गवताच्या काडीवर, जमिनीपासून वीतभर. तोंडात नाकतोड्याचं पिल्लू. तीनदा उडून तिथेच परत." त्या गांधीलमाशीच्या फोल्डरमधले अजून अकरा फोटो बाकी आहेत, त्यातल्या चारांत चेहराच दिसत नाहीये, ते तसेच "डिप्टेरा, पुढे काही नाही" म्हणून राहणार.